गिऱ्हाईक म्हणतंय, चष्म्यातल्या कॅमेऱ्याचा दिवा झाकून द्या. करू का नको?

काचवाला_शहापूर

नमस्कार मंडळी. बेळगावच्या शहापूर खडेबाजारात आमचं चष्म्याचं दुकान आहे. वडिलांनी घातलेलं, आता मी बघतो. प्रश्न जरा वेगळा आहे, म्हणून लांबण लागेल. वाचून घ्या.

ओळखीतला एक पोरगा परवा स्वतःची फ्रेम घेऊन आला. जाड दांड्यांची, काळी, वेफेररच्या घाटाची. नाव रे-बॅनचं, आतला कारभार मेटाचा, म्हणजे फेसबुकवाल्यांचा. "काका, यात माझा नंबर बसवून द्या." कार्ड आमच्याकडंच आहे त्याचं, उजव्याला -2.25, डाव्याला -1.75 आणि थोडा सिलिंडरचा नंबर. फ्रेम हातात घेतली. पन्नास ग्रॅमच्या आसपास भरेल, म्हणजे साध्या फ्रेमपेक्षा जड, पण तेवढी काही नाही. समोरून बघितलं तर एका कोपऱ्यात कॅमेऱ्याचं भिंग आणि दुसऱ्या कोपऱ्यात तशाच घाटाचं गोल, त्यात दिवा. कुणी सांगितलं नाही तर दोन्ही नक्षीच वाटतील. भारतात या 2025 च्या मे महिन्यात आल्या, 29,900 रुपयांपासून. बेळगावात आता अधूनमधून दिसतात, गल्फवाल्यांच्या घरात तर आधीपासून आहेत.

काचेचं बोलून झालं. मग म्हणतो, "अजून एक काम होतं काका. व्हिडिओ सुरू केला की तो पांढरा दिवा लागतोय नव्हं, त्याचं काहीतरी करा की. तुमच्याकडं सगळी बारीक हत्यारं आहेत. दिवा दिसला की लोकं माझ्याकडंच बघत बसतात, नॅचरल येत नाही."

मी म्हटलं, नॅचरल म्हणजे कसं रे? तर त्यानं खिशातला फोन काढून दाखवलं.

माझंच दुकान. आदल्या आठवड्यात हा मित्राबरोबर आला होता तेव्हाचं. मी ट्रायल फ्रेममध्ये काच घालतोय, माझी बोटं अगदी जवळून दिसतात, नखाला लागलेली पॉलिशसुद्धा. पाठीमागच्या खुर्चीत येळ्ळूरच्या एक बाई बसलेल्या. काउंटरवरचा आमचा पोरगा त्यांना मोबाईल नंबर विचारतोय, त्या एकेक आकडा सांगतायत, आणि हा तोच आकडा मोठ्यानं परत म्हणून बिलबुकात लिहितोय. मग बाई विचारतात, मोतीबिंदू पिकलाय का अजून थांबायचं. चेहरा, गाव, नंबर, दुखणं, सगळं एका मिनिटाच्या आत.

आणि मी त्या वेळी त्याच्या तोंडाकडं बघूनच बोलत होतो. दिवा लागला असणारच, पण चष्म्याच्या दुकानात काय चमकत नाही सांगा. वर ट्यूबलाईट, चारी बाजूला आरसे, काचेची कपाटं, शंभर फ्रेमा. त्यात तांदळाएवढा उजेड कुणाला दिसतोय?

पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगतो. मंडळाच्या कामाला पुढं असतो, शिवजयंतीच्या चित्ररथाचे व्हिडिओ करतो, बाजाराच्या रील्स टाकतो. टवाळ असता तर दोन शब्दांत वाटेला लावला असता. याला काय सांगायचं तेच कळेना. "उद्या ये" म्हणून फ्रेम ठेवून घेतली आहे.

तर विचारायचं असं. नंबरची काच बसवून द्यावी का? दिव्याला हात लावला आणि पुढं काही भानगड झाली तर माझ्यावर काही येतं का? आणि त्या येळ्ळूरच्या बाईंना सांगावं का? का उगीच त्यांच्या डोक्याला ताप?

---

निपाणीकर_ऑप्टिकल

आमच्याकडं पण एक आली होती. धंद्याचं तेवढं सांगतो.

काच बसते. समोरचा भाग साध्या फ्रेमसारखाच आहे. पण फिटिंगला दांडी वाकवायला जाल तर हिटर दाखवू नका. बॅटरी, स्पीकर, वायरिंग सगळं दांडीत आणि बिजागरीजवळ आहे. आपण ॲसिटेटची फ्रेम गरम करतो तशी ही केली की संपलं. अल्ट्रासोनिक टबात धुवायलाही टाकू नका. काच काढता घालताना फ्रेमला ताण पडून काही बंद पडलं तर पैसे तुमच्याकडूनच मागणार, तेव्हा आधी चालू करून बघा आणि त्याच्याकडून लिहून घ्या.

दिव्याचं काम घेऊ नका. का ते मला कायद्यातलं कळत नाही, पण तीस हजाराच्या वस्तूत ड्रिल घालायचं आणि मजुरी दोनशे घ्यायची, हा हिशोबच बसत नाही.

---

वडगावची_शिलाई

भाऊ, तुम्हाला चष्म्याची काळजी, मला वेगळीच. माझं ब्लाउज शिवायचं काम आहे, घरातच पुढच्या खोलीत. मापाला बायका येतात. लग्नसराईत तर एकीबरोबर तिघी, आणि त्यांना सोडायला आलेला कुणाचा तरी दीर नाहीतर भाऊ. तो दारात नाहीतर सोप्यावर बसतो. फोन काढून कुणी वर धरला तर मी लगेच म्हणते, "ओ, फोन आत ठेवा." आजवर कुणी वाकडं बोललेलं नाही. फोन धरला की हात वर होतो, मान वाकडी होते, लांबून कळतं.

चष्मा घातलेल्या माणसाला मी काय सांगू? "डोळ्यावरचा चष्मा काढा" म्हणू?

आणि भाऊ, तुम्ही त्यात नंबर बसवून दिलात की तो म्हणणार, "काकू, काढला तर मला दिसत नाही." खरंच दिसणार नाही त्याला. बिननंबरी असला तर गॉगलसारखा काढून खिशात तरी ठेवील. नंबर बसला की सकाळी तोंड धुतल्यापासून रात्री झोपेपर्यंत तो डोळ्यावर. माझ्याकडं, देवळात, दवाखान्यात, लग्नात बायका कपडे बदलतात त्या खोलीच्या दारात. तुमचा प्रश्न दिव्याचा आहे, पण मला तर काचेचाच मोठा वाटतो.

येळ्ळूरच्या बाईंना सांगा. माझा नंबर असा कुणाच्या फोनात असता तर मला कळलेलं आवडलं असतं.

---

उचगावकर_बेंगळुरात

मी इथं इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो. माझ्याकडं हाच चष्मा आहे, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

आधी चांगलं. गाडीवर, डोंगरात, हात गुंतलेले असताना खरंच सोयीचा आहे. आणि ज्यांना दिसत नाही त्यांना तर फार उपयोगी. 'बी माय आइज'ची सोय यात आहे. चष्म्यातला कॅमेरा समोरचं दाखवतो आणि पलीकडचा स्वयंसेवक फोनवरून सांगतो, पायरी आहे, बस अमुक नंबरची आहे, औषधावर हे लिहिलंय. त्यामुळं "असले चष्मे बंदच करा" म्हणणाऱ्यांच्यात मी नाही.

आता दिवा. काका, तो शोभेला दिलेला नाही. 2021 ला फेसबुकनं याची पहिली आवृत्ती काढली तेव्हा दिवा इतका बारीक होता की आयर्लंड आणि इटलीच्या डेटा संरक्षण खात्यांनी कंपनीला विचारलं, या उजेडानं समोरच्या माणसाला शूटिंग चालू आहे हे कळतं हे दाखवून द्या. 2023 च्या आवृत्तीत दिवा मोठा झाला आणि तो झाकलेला असेल तर चष्मा फोटो काढायला नकार देतो, आधी झाकलेलं काढा म्हणतो. म्हणजे काळा ठिपका टाकून तुमच्या गिऱ्हाइकाचं काम होणारच नाही. तुमच्यावर येऊन ओरडेल. ते बंद पाडायचं तर आतली मोडतोड करावी लागते. ती करून देणारेही निघालेत. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या '404 मीडिया'नं एका माणसाची बातमी दिली होती, 60 डॉलर घेऊन तो लोकांच्या चष्म्यातले दिवे मारून देत होता. तुमच्या पोराला शहापुरात तसा माणूस हवाय, एवढंच.

दिवा धडधाकट असला तरी भर उन्हात तो दिसत नाही, हे मी माझ्या चष्म्यावरूनच सांगतो. दुसरं म्हणजे बाजारात दोन-तीन हजाराला बिननावाचे कॅमेऱ्याचे चष्मे वर्षानुवर्षं मिळतात, त्यांना दिवाच नसतो. तेव्हा दिवा नाही म्हणजे शूटिंग नाही, असं समजू नका.

चेहऱ्याचं एक सांगून थांबतो. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी हाच चष्मा घालून एक प्रयोग दाखवला. चष्म्यातून येणारं चित्र चेहरा शोधणाऱ्या 'पिमआइज' या संकेतस्थळाला आणि पुढं एका एआयला जोडलं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडं बघायचं आणि थोड्या वेळात फोनवर त्याचं नाव, पत्ता, घरच्यांची नावं. त्यांनी तो प्रोग्राम कुणाला दिला नाही, धोका दाखवायला केला होता. तुमच्या दुकानात तर एवढी यातायातही नको, बाईंनी नंबर स्वतःच सांगितला.

---

वडगावची_शिलाई

@उचगावकर, तुमचं सगळं कळलं, पण एक सांगा. तुम्ही गावाला येता, आजीकडं जाता, शेजारच्या वहिनी चहा आणून देतात. तेव्हा तो चष्मा तुमच्या डोळ्यावर असतो का?

---

उचगावकर_बेंगळुरात

घरात शिरताना काढतो. माझा बिननंबरी आहे म्हणून जमतं. नंबराचं तुम्ही म्हणालात ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

---

वकील_टिळकवाडी

कोर्टातून आत्ता आलो. काचवाले, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं, कारण यात लोकांची एक समजूत हमखास चुकते. विचारल्याशिवाय कुणाचाही व्हिडिओ काढला की गुन्हा, असं आपल्याकडं सरसकट नाही.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम 77, पूर्वीच्या दंड संहितेचं 354 सी. बाई खाजगी स्थितीत असताना, म्हणजे कपडे बदलताना, न्हाणीघरात, जिथं आपल्याला कुणी बघत नाही असं तिनं धरून चालावं अशा जागी, तिला चोरून बघणं किंवा चित्र घेणं. पहिल्या वेळी कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त तीन. दुसऱ्या वेळी तीन ते सात. शिवाय तिनं चित्र काढायला होकार दिला होता पण पसरवायला नाही, तरी पसरवणं गुन्हाच. शिलाईवाल्या ताईंच्या मापाच्या खोलीत कुणी चष्मा घालून डोकावला तर हे कलम लागू शकतं. बाई पूर्ण कपड्यात होती की नव्हती यावर पुष्कळ अवलंबून राहतं. आयटी कायद्याचं 66 ई हे कलम आहे, तेही शरीराच्या खाजगी भागांच्या चित्रापुरतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात मात्र बाई-पुरुष भेद नाही.

आता तुमच्या येळ्ळूरच्या बाई. खुर्चीत बसलेल्या, अंगभर लुगडं, दुकानही सगळ्यांना खुलं. वरच्या दोन्ही कलमांत हे बसत नाही. राहतं कलम 79, बाईच्या लज्जेचा अपमान करण्याच्या हेतूनं तिच्या खाजगीपणात घुसणं. तो हेतू या पोराचा होता असं तुम्ही स्वतःच म्हणत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा आहे, पण माणूस स्वतःच्या घरगुती, खाजगी कामासाठी जे करतो त्याला तो लागत नाही. कायद्याला इथं भोक आहे, हे सरळ सांगतो.

मात्र भोक आहे म्हणून पोलीस काहीच करत नाहीत, असंही नाही. 2025 च्या मे महिन्यात बेंगळूर मेट्रोतल्या बायकांचे चोरून काढलेले व्हिडिओ टाकणारं एक इन्स्टाग्राम खातं उघडकीला आलं. त्या बायका कपड्यातच होत्या, प्रवास करत होत्या. तरी पोलिसांनी आयटी कायद्याचं 67, म्हणजे अश्लील मजकूर ऑनलाइन पसरवण्याचं, आणि संहितेचं पाठलागाचं कलम 78 लावलं आणि काही दिवसांत एका तरुणाला पकडलं. कसं काढलं, कोणत्या हेतूनं मांडलं, खाली काय लिहिलं, यावरून गोष्ट कुठल्या कुठं जाते. तुमचा पोरगा आज बाजाराच्या रील्स टाकतोय. उद्या तोच तुकडा दुसऱ्या कुणी उचलला, वर घाणेरडं गाणं लावलं, की मूळ कुणी काढलं हे शोधत पोलीस त्याच्याकडंच येणार.

जाता जाता. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं, तो खटला न्या. पुट्टस्वामींच्या नावानं ओळखला जातो. ते आपल्याच कर्नाटक हायकोर्टातून निवृत्त झालेले. नव्वदीच्या उंबऱ्यावरचा म्हातारा आधारच्या विरोधात कोर्टात उभा राहिला होता. बाररूममध्ये आम्ही अजून त्यांचं नाव काढतो.

तर दिवा. दिवा बंद करून देणाऱ्याला अमुक शिक्षा, असं स्वतंत्र कलम मला माहीत नाही. पण गुन्ह्याला जाणूनबुजून मदत करणं हीही कायद्यात अपप्रेरणा, कलम 45. पोरानं तुम्हाला काय सांगितलं? लोकांना कळू नये म्हणून दिवा घालवा. हे ऐकून तुम्ही हत्यार उचललं आणि पुढं त्यानं किंवा तो चष्मा विकत घेणाऱ्यानं काही केलं, तर "मला काय माहीत" हे म्हणायला तुम्हाला जागा राहत नाही. करू नका.

---

वडगावची_शिलाई

वकीलसाहेब, समजा झालंच काही. आमच्या इथल्या निम्म्या सोयरिकी चंदगड-गडहिंग्लजला. लग्न तिकडं झालं, व्हिडिओ तिकडं निघाला, मुलगी इकडं वडगावात रडत बसली. तक्रार कुठं द्यायची? इकडं गेलं की म्हणतात महाराष्ट्रात जावा, तिकडं गेलं की म्हणतात तुम्ही कर्नाटकातल्या.

---

वकील_टिळकवाडी

ताई, हा प्रश्न सीमाभागातल्या माणसालाच पडतो. ऐका.

नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामकाजाचा कायदा, तिचं कलम 173. गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते, तिला झीरो एफआयआर म्हणतात. बेळगावातल्या ठाण्यानं ती नोंदवायची आणि चंदगडला पाठवायची. "हद्द आमची नाही" हे उत्तर चालत नाही. ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. न्याय संहितेच्या 74 ते 79 या कलमांत, वर सांगितलेली 77, 78, 79 त्यातच आली, बाई स्वतः तक्रार देत असेल तर ती बाई अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची. कलमं दोन्ही राज्यांत तीच, त्यात फरक नाही.

इथं तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाणार, हे आपल्याला रोजचंच आहे. पण लिहून झाल्यावर ती तुम्हाला वाचून दाखवणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि प्रत फुकट मिळते. वाचून दाखवतील तेव्हा मराठीत समजावून मागा, समजल्याशिवाय सही करू नका. कन्नड वाचता येणारं कुणी बरोबर न्या. "तो चष्म्यातून काढत होता" याचं लिहिताना "तो बघत होता" एवढंच झालं तर केस तिथंच बसली.

सायबरचं असेल तर शहरात आणि जिल्ह्यात सीईएन ठाणी आहेत, सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांची, थेट तिथं जा. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर बायका-मुलांच्या तक्रारींना वेगळा भाग आहे, नाव न सांगताही देता येते. जाण्याआधी व्हिडिओची लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा. रागानं त्याला फोन करून शिव्या दिल्या की तो आधी सगळं पुसतो, मग आपल्या हातात काही राहत नाही. अगदी खाजगी चित्र असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' नावाची सोय आहे. चित्र आपल्या फोनातच राहतं, त्याचा नुसता ठसा तिकडं जातो आणि त्यात सामील असलेल्या कंपन्या त्या ठशावरून ते अडवतात.

---

निपाणीकर_ऑप्टिकल

साहेब, दुकानात पाटी लावली तर चालते का? "चष्म्यातला कॅमेरा बंद ठेवा" अशी.

---

वकील_टिळकवाडी

चालते की. दुकान तुमचं, आत यायच्या अटी तुमच्या. न ऐकणाऱ्याला बाहेर जा म्हणू शकता. फक्त पाटी म्हटल्यावर आधी कन्नड, आणि तेही मोठं, हे काय मी सांगायला नको. साठ टक्के कन्नडचा कायदा दुकानाच्या नामफलकाचा आहे, आतल्या सूचनेचा नाही, पण इथं कोण फूटपट्टी घेऊन येईल सांगता येत नाही. दोन्ही भाषांत लावा. काचवाल्यांना मात्र एक उलट प्रश्न विचारतो. तुमच्या दुकानात सीसीटीव्ही असेल. त्याचं तोंड कुठं आहे? आणि ती बिलबुकं, कार्डं किती वर्षांची साठवलीत? पोराला तो डेटा कायदा लागत नाही, पण ही माहिती संगणकावर चढवली की दुकान म्हणून तुम्हाला लागणार आहे. नियम 2025 च्या नोव्हेंबरात आलेत, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी सुरू.

---

काचवाला_शहापूर

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

सीसीटीव्हीचं तोंड गल्ल्यावर होतं, आणि गल्ल्याशेजारीच बिलबुक. स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर नंबर वाचता येत होता. तोंड दाराकडं फिरवून घेतलं. काउंटरवरच्या पोराला सांगितलं, नंबर मोठ्यानं म्हणायचा नाही, वही गिऱ्हाइकासमोर सरकवायची, त्यांनाच लिहू दे. म्हाताऱ्या माणसांना चष्म्याशिवाय लिहिता येत नाही, ही आमच्या धंद्यातली गंमत. त्यांच्यासाठी तो आता काउंटरबाहेर येऊन शेजारी बसून हळू विचारतो.

पोरगा आला. मी म्हटलं, दिव्याला हात लावणार नाही, आणि का नाही तेही सांगितलं. उचगावकरांनी दिलेली माहिती सांगितली, की झाकलास तर कॅमेराच चालणार नाही. त्याला ते माहीत नव्हतं. पहिल्यांदा हिरमुसला. मग म्हणाला, "काका, मी काय चोर आहे का?" मी म्हटलं, तू नाहीस. पण उद्या तू हा चष्मा विकशील, नवीन घेशील, तेव्हा हा कुणाच्या नाकावर बसेल ते तुला माहीत आहे का? त्यावर गप्प झाला.

काच मात्र बसवून द्यायची ठरवली, एका अटीवर. ताईंनी सांगितलेलं माझ्या मनात घर करून बसलं होतं. अट अशी, की त्याच नंबरचा दुसरा साधा चष्माही करून घ्यायचा आणि पेटीत बरोबर ठेवायचा. कुणी "तो काढ" म्हटलं तर दिसत नाही हे कारण सांगता येऊ नये. म्हणतो, "हा तुमचा धंदा झाला की काका." झाला तर झाला! साडेचारशेची फ्रेम दिली, काचेचे लावले नाहीत. माझी सून म्हणते, असं प्रत्येकाला देत बसलात तर दुकान विकावं लागेल.

तो व्हिडिओ त्यानं माझ्यासमोर पुसला. @उचगावकर, पुसला म्हणजे खरंच गेला का?

---

उचगावकर_बेंगळुरात

अजून नाही. चष्म्यात वेगळा साठा असतो, तिथून मेटाच्या ॲपमधून फोनमध्ये येतं. त्यामुळं चष्म्यात, ॲपमध्ये, गॅलरीत, गॅलरीच्या 'ट्रॅश'मध्ये आणि गूगल फोटोजमध्ये, एवढ्या ठिकाणी बघा. गूगल फोटोजवर चढलेलं पुसलं तरी कचरापेटीत 60 दिवस राहतं, तिथूनही रिकामं करायला सांगा. व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवलं असेल तर ते त्या माणसाच्या फोनात.

---

काचवाला_शहापूर

कचरापेटीत होता! परत बोलावून रिकामी करून घेतली. मित्राला एकाला पाठवला होता, त्यालाही फोन करायला लावला.

येळ्ळूरच्या बाईंना काल फोन केला. ताई, तुमचं ऐकून केला, नाहीतर माझं धाडस नव्हतं. शांतपणे ऐकून घेतलं. कोण पोरगा म्हणून विचारलं, मी नाव सांगितलं नाही, त्यावर त्या जरा चिडल्या, आणि ते बरोबरच होतं. मग म्हणाल्या, "नंबर बदलायचा म्हटलं तर बँकेत तोच, गॅसला तोच, लेकीच्या सासरी तोच. आणि त्यानं पुसलं म्हणून तुम्ही सांगता. ते मला कसं कळायचं?"

याला माझ्याकडं उत्तर नाही. वकीलसाहेब, काही आहे का?

---

वकील_टिळकवाडी

पक्कं असं काही नाही. पण पोराकडून एक लिहून घ्या. अमुक तारखेला अमुक दुकानात घेतलेला व्हिडिओ, तो मी कुणाकुणाला दिला, कुठून कुठून पुसला, खाली नाव आणि सही. नुसता व्हॉट्सॲप मेसेज नको, कागदावर. तुम्ही साक्षीला सही करा आणि मूळ कागद बाईंना द्या. पुढं तो तुकडा कुठं वर आला तर त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. नावही मग आपोआप कळेल, त्यात लपवण्यासारखं काही राहिलं नाही. पोरगा सही करायला कां-कूं करायला लागला तर त्याला माझ्याकडं पाठवा, फी लावत नाही.